दहावीनंतरच्या सुट्टीत बायोमेडिकल संशोधन: तीन लाखांचा प्रोग्रॅम की घरच्या टेबलावरचा ईसीजी?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे, घर कोपरखैरण्यात, ओढा बायोमेडिकल इंजिनिअरिंगकडे. एका सल्लागाराने परदेशी विद्यापीठाच्या नावाचा सहा आठवड्यांचा उन्हाळी रिसर्च प्रोग्रॅम सुचवला आहे. खर्च तीन लाखांच्या घरात, आणि शेवटी ‘पेपर पब्लिश करून मिळेल’ असं आश्वासन. घ्यावा का? नसेल घ्यायचा तर ठाणे-नवी मुंबईत राहून काय करता येईल?

पेपरची हमी देणारा प्रोग्रॅम घेऊ नका, एवढं आधी पक्कं करा. संशोधनाचा निष्कर्ष काय निघेल हे कामाला हात लावण्याआधी कुणालाच माहीत नसतं. मग तो छापून येणार हे आधीच ठरलं असेल, तर छापणारा पैसे घेऊन काहीही छापतो आहे. आठवड्याभरात ‘स्वीकृत’ कळवणारी आणि त्यासोबत बिल पाठवणारी नियतकालिकं प्रवेश समितीच्या लोकांना एका नजरेत ओळखू येतात. अशा पेपरने अर्ज जड होत नाही, उलट शंका येते.

परदेशी प्रोग्रॅम सगळेच असे नसतात. त्यांत साधारण तीन जाती आहेत आणि जाहिरातीत त्या एकाच रांगेत उभ्या केलेल्या असतात. पहिली जात खऱ्या निवडीची आणि जवळपास फुकट. एमआयटीत भरणारं रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट १९८४ पासून चालू आहे. निवड झाली की शिकवणी, राहणं, जेवण यांचा खर्च नाही, फक्त प्रवास स्वतःचा. पण ते आपल्या अकरावीच्या बरोबरीचं वर्ष संपवलेल्या मुलांसाठी आहे आणि जागा अगदी मोजक्या. स्टॅनफर्डचा वैद्यकीय संशोधनाचा आठ आठवड्यांचा उन्हाळी प्रोग्रॅम नावाजलेला आहे, त्यात बायोइंजिनिअरिंगही येतं. तो मात्र अमेरिकेतच शिकणाऱ्या, तिथलं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या मुलांसाठी आहे. कोपरखैरण्यातून अर्ज करून उपयोग नाही. दुसरी जात म्हणजे शुल्क घेऊन चालवलेले अभ्यासक्रम. जॉन्स हॉपकिन्सचा ‘बायोमेडिकल इंजिनिअरिंग इनोव्हेशन’ हे त्याचं उदाहरण. हे वाईट नाहीत, शिकवतातही नीट. फक्त तो वर्ग आहे, प्रयोगशाळेतलं संशोधन नव्हे, हे समजून पैसे भरावेत. तिसरी जात खासगी ‘मेंटॉरशिप’ची, विद्यापीठाच्या इमारतीचा फोटो लावून विकलेली. तुम्हाला सुचवलेला प्रकार बहुधा यातला.

ओळखायला सल्लागाराला दोनच प्रश्न विचारा. मार्गदर्शकाचं नाव काय आणि त्याच्याकडे एका वेळी किती मुलं असतात? आणि तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी मुलगी नेमकं काय करत असेल? दुसऱ्या प्रश्नावर गोलमोल उत्तर आलं की समजायचं काय ते.

वेळापत्रकाची अडचण तर कुणी सांगतच नाही. अमेरिकेतला उन्हाळा जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत. आपल्याकडे जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, अकरावीच्या प्रवेशाच्या याद्या लागत असतात, आणि बारावीवाल्यांचे क्लास तर त्याआधीच पळत सुटलेले असतात. आयबी किंवा केंब्रिज बोर्डाच्या मुलांना ते जमून जातं. राज्य मंडळाच्या मुलांची खरी मोकळी वेळ म्हणजे एप्रिल आणि मे. आयुष्यात असे सलग दोन महिने परत मिळत नाहीत. अकरावी ते बारावीची सुट्टी नावाला असते, ती व्हेकेशन बॅचमध्ये जाते.

आणखी एक हिशेब. इथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात या प्रमाणपत्रांना शून्य किंमत आहे. सीईटी आणि जेईई गुणांवर चालतात. पदवीपासूनच परदेशी जायचं असेल तरच अर्जात या कामाचा उपयोग. नसेल तर काम शिकण्यासाठी करायचं, मग ते कोपरखैरण्यात केलं काय नि बोस्टनमध्ये केलं काय.

इथल्या संस्थांबद्दल अपेक्षा माफक ठेवा. आयआयटी मुंबईतलं बेटिक हे केंद्र २०१४ पासून वैद्यकीय उपकरणं घडवतं. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला जोडायचं आयुसिंक तिथूनच बाहेर पडलं. पण त्यांची शिबिरं मुख्यतः इंजिनिअर आणि डॉक्टरांसाठी. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात प्रशिक्षण मिळतं ते पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांना. वाशीनंतर खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथली उन्हाळी शिबिरं ऑलिम्पियाडसाठी निवडलेल्या मुलांची. अठरा वर्षांखालच्या मुलीला रक्ताचे नमुने, प्राणी, किरणोत्सार यांच्या आसपास कुठलीही शहाणी प्रयोगशाळा उभं करणार नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून सुट्टीतलं काम विद्युत संकेतांचं निवडावं. ते घरी होतं, दोन-अडीच हजारांत होतं, आणि बायोमेडिकल इंजिनिअर रोज जे करतो त्याच्या सगळ्यांत जवळचं आहे.

काम कोणतं? ‘स्मार्ट’ या शब्दाने सुरू होणारं काहीही नको. अंधांसाठी काठी, पडल्यावर ओरडणारा पट्टा, हे विज्ञान प्रदर्शनातून दरवर्षी शेकड्याने निघतं आणि त्यात मोजमाप काहीच नसतं. त्यापेक्षा साधा प्रश्न घ्यावा: बोटावर लावायचं दीडदोनशे रुपयांचं सेन्सर हृदयाचे ठोके ईसीजीच्या तुलनेत किती चुकवतं, आणि जिना चढून आल्यावर ती चूक वाढते का? याचं उत्तर आकड्यात येतं, सहा आठवड्यांत येतं, आणि ‘फारसा फरक नाही’ असं आलं तरी ते उत्तरच असतं.

सामान असं: आर्डुइनो उनो (सेन्सर वाचून आकडे लॅपटॉपला पाठवणारा, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) किंवा त्याची नक्कल, ईसीजीसाठी एडी८२३२ चिपचं मॉड्यूल, बोटासाठी मॅक्स३०१०२, चिकटवायचे इलेक्ट्रोड पन्नासेक, ब्रेडबोर्ड, तारा, साधा मल्टिमीटर. ऑनलाइन मागवता येतं. लॅमिंग्टन रोडला जायचं तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठा, रविवार टाळा. दुकानात मॅक्स३०१०२ मागितलं की ‘सेम है’ म्हणून मॅक्स३०१०० हातात देतात. ते सेम नाही. या जुन्या चिपच्या स्वस्त हिरव्या बोर्डांत पुल-अप रोधक (संकेताची तार वरच्या व्होल्टेजला खेचून धरणारे) १.८ व्होल्टला जोडलेले असतात. आर्डुइनोला तेवढा व्होल्टेज ‘हाय’ वाटतच नाही, त्यामुळे सेन्सर सापडत नाही आणि मुलं चार दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात. इलाज आहे, रोधक काढून बाहेरून ४.७ किलोओहमचे ३.३ व्होल्टला लावायचे, पण पहिल्याच आठवड्यात इतकं बारीक सोल्डरिंग कशाला? नवी चिपच घ्या.

सुरक्षेबाबत सवलत नाही. इलेक्ट्रोड अंगावर असताना लॅपटॉपचा चार्जर काढलेला हवा, आर्डुइनो फक्त लॅपटॉपच्या यूएसबीवर, डेस्कटॉप अजिबात नको. रुग्णाला जोडायच्या उपकरणांसाठी आयईसी ६०६०१ या मानकात गळतीच्या प्रवाहाची मर्यादा मायक्रोॲम्पिअरमध्ये आहे: हृदयाशी थेट जोड असलेल्या प्रकाराला १०, शरीराला जोडलेल्याला १००. स्वस्त चार्जर बिघडला तर ही मर्यादा किती ओलांडेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. चार्जर काढल्याचा दुसरा फायदा लगेच पडद्यावर दिसतो. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण बरीच उतरते. पेसमेकर असलेल्या कुणालाही हे लावायचं नाही.

पहिला आठवडा फक्त स्वतःवर. इलेक्ट्रोड दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूला आणि उजव्या घोट्यावर. छातीवर संकेत जास्त स्वच्छ येतो, पण पुढे इतरांवर मोजायचं आहे आणि तिथे मनगट-घोटाच सोयीचा. तळवे वर करून हात मांडीवर सैल, कारण मूठ आवळली की स्नायूंचा खरखराट ईसीजी झाकून टाकतो. त्वचा आधी साबणाने धुऊन कोरडी करावी. मे महिन्यात आपल्याकडे हे वाटतं तेवढं सोपं नाही. घामाने इलेक्ट्रोडची कड सुटते आणि रेषा वरखाली तरंगायला लागते. पंख्याखाली दहा मिनिटं बसवून मग चिकटवा. पाकीट फोडलं की जेल सुकतं, म्हणून उरलेले झिपच्या पिशवीत बंद.

तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. उजवा हात, डावा हात, उजवा पाय यांचे रंग अमेरिकी पद्धतीत वेगळे, युरोपीय पद्धतीत वेगळे, आणि स्वस्त केबलवाल्यांचे त्याहून वेगळे. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून कुठली तार बोर्डच्या कुठल्या खुणेला जाते ते तपासून चिठ्ठ्या लावा. हात उलटे लागले तर उंच टोक खाली येतं. पायाची तार सुटली असेल तर पडदाभर गुणगुण. त्या तारेतून चिप शरीरावरचा सामाईक गोंगाट उलटा करून परत सोडते, ती गेली की गोंगाट मोकाट. मॉड्यूलमधला फिल्टर ४० हर्ट्झच्या आसपास कापतो, त्यामुळे ५० हर्ट्झ त्यातून पुरता थांबत नाही. उरलेला पायथनमध्ये नॉच फिल्टरने (एकच वारंवारता कापणाऱ्या) काढायचा. इंटरनेटवरून उचललेल्या कोडमध्ये हा नॉच बहुतेकदा ६० हर्ट्झचा असतो, कारण तो अमेरिकेत लिहिलेला. तो तसाच ठेवला तर आपल्या महावितरणच्या ५० ला धक्काही लागत नाही.

मुलं सर्वांत जास्त फसतात ती वेळेत. ईसीजी सेकंदाला २५० वेळा वाचायचा म्हणून कोडमध्ये चार मिलिसेकंदांचा डिले (थांबा) टाकतात आणि सिरियलचा, म्हणजे आर्डुइनोकडून लॅपटॉपला आकडे जाण्याचा, वेग नेहमीचा ९६०० ठेवतात. गणित करा: ९६०० म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. एका ओळीत तीन आकडे आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा, म्हणजे पाच अक्षरं. सेकंदाला १९२ ओळींपेक्षा जास्त जाणारच नाहीत. कागदावर २५०, प्रत्यक्षात त्याहून कमी. आता समजा खरा वेग १८० निघाला आणि हिशेब २५० धरून केला, तर ७२ ठोक्यांचं हृदय १०० दाखवतं. मुलगी घाबरते, घरचे डॉक्टरकडे नेतात, आणि चूक हृदयात नसून सिरियल पोर्टमध्ये असते. वेग ११५२०० ठेवा, डिले काढून मायक्रोसेकंदांच्या घड्याळावर वाचन बांधा, आणि प्रत्येक ओळीत वेळेचा शिक्का लिहा. मग वेग थोडा हलला तरी हिशेब चुकत नाही.

बोटाच्या सेन्सरचं दुखणं वेगळं. तो बोटात प्रकाश सोडून रक्ताची लाट टिपतो. बोट जोरात दाबलं की रक्त अडतं आणि लाट सपाट होते. सैल ठेवलं तर खोलीतला उजेड आत शिरतो. फोमचा तुकडा आणि वेल्क्रोची पट्टी, एवढ्याने दाब एकसारखा राहतो. एलईडीचा प्रवाह वाढवत नेला तर वाचन २६२१४३ वर जाऊन चिकटतं. ती १८ बिटांची कमाल आहे, सेन्सर बिघडलेला नाही, प्रवाह कमी करा. एसीच्या खोलीत गार पडलेली बोटं क्षीण लाट देतात, म्हणून सगळी मोजमापं एकाच खोलीत, एकाच तापमानाला. या चिपमध्ये ३२ नमुन्यांचा साठा असतो. आर्डुइनोने तो वेळेत उचलला नाही तर नमुने गुपचूप हरवतात.

याच सेन्सरवर ऑक्सिजनची टक्केवारीही दाखवता येते, म्हणून प्रकल्प तिकडे वळवायचा मोह होतो. वळवू नका. ऑक्सिमीटरचं कॅलिब्रेशन वैद्यकीय देखरेखीखाली निरोगी स्वयंसेवकांचा ऑक्सिजन ७० टक्क्यांच्या आसपासपर्यंत उतरवून केलेलं असतं. घरी ते शक्य नाही, आणि त्याशिवाय आलेला आकडा म्हणजे उसन्या सूत्राचं उत्तर. त्वचेच्या रंगानेही तो आकडा फसतो. २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटरला न सापडलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट आढळली होती.

दुसऱ्या आठवड्यात ठोके मोजणारा कोड. पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी १९८५ साली मांडलेली पद्धत आजही शिकायला उत्तम: ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा ठेवा, उतार काढा, वर्ग करा, १५० मिलिसेकंदांच्या खिडकीत सरासरी घ्या, आणि एक ठोका सापडल्यावर २०० मिलिसेकंद दुसरा मोजू नका. लिहिलेला कोड स्वतःच्या नोंदींवर तपासण्यात अर्थ नाही, कारण खरे ठोके किती होते हे कुणी ठरवायचं? फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या संकेतस्थळावर एमआयटी-बीआयएचचा ईसीजी संग्रह मोफत आहे: ४८ नोंदी, प्रत्येकी अर्ध्या तासाची, ३६० हर्ट्झने घेतलेल्या, प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांनी खूण केलेली. नोंद १०० वर २२७३ ठोके आहेत. तुमचा कोड तिथे साडेचार हजारांच्या जवळ पोचला तर तो टी लाटही (ठोक्याच्या उंच टोकामागून येणारी लहान लाट) ठोका म्हणून मोजतो आहे. ती नोंद सोपी आहे, म्हणून लगेच नोंद २०३ वर चालवा, तिथे भल्याभल्यांचे कोड घसरतात. इथे मात्र वीज अमेरिकेची, म्हणजे गुणगुण ६० हर्ट्झची, आणि नमुने २५० नव्हे, ३६०. फिल्टरचे आकडे बदलायला विसरलात तर कोड वाईट ठरतो, चूक मात्र तुमची.

स्वयंसेवक तिसऱ्या आठवड्यापासून, पण परवानगी त्याआधी. पुढे हा प्रकल्प आयरिस या शालेय संशोधनाच्या राष्ट्रीय स्पर्धेमार्फत आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळ्यात न्यायचा विचार असेल (तिथे बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे) तर माणसांवरचं मोजमाप सुरू होण्याआधी समितीची मंजुरी लागते. शाळेत अशी समिती तिघांत होते: एक शिक्षक, एक प्रशासनातली व्यक्ती, एक वैद्यकीय जाणकार. मोजून झाल्यावर आणलेली सही चालत नाही, इथे चांगले प्रकल्प बाद होतात. सोसायटीतली बारा प्रौढ माणसं पुरे. मुलं घेतली की पालकांची संमती आणि मुलाचीही वेगळी संमती, तो व्याप टाळा. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं. नाव लिहायचं नाही, क्रमांक द्यायचा. हृदयविकार, गरोदरपण, गुडघेदुखी असलेल्यांना जिना नाही. शेजारच्या काकांचा ईसीजी वेगळा दिसला तर काय बोलायचं ते आधी ठरवा: ‘हे यंत्र निदानासाठी नाही, पण एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या’, एवढंच.

प्रत्येकाची तीन मिनिटं बसून नोंद, मग दोन मजले चढून-उतरून लगेच आणखी तीन. दोन्ही सेन्सर एकाच वेळी चालू हवेत, कारण चढून आल्यावर पहिल्या मिनिटात ठोके झपाट्याने उतरतात. ईसीजीचं टोक आणि बोटातली लाट एका क्षणी येणार नाहीत, रक्ताची लाट बोटापर्यंत पोचायला साधारण पाव सेकंद जातो. म्हणून ठोक्याला ठोका जुळवत बसू नका. बसलेल्या नोंदीत ३० सेकंदांची सरासरी, जिन्यानंतर १० सेकंदांची.

आता निकाल. ‘आमचं यंत्र ९८ टक्के अचूक’ हे वाक्य अहवालात दिसलं की परीक्षक पान उलटतात. सहसंबंधाचा गुणांक ०.९९ आला म्हणूनही हुरळू नये: सेन्सर दर वेळी १० ठोके जास्त दाखवत असेल तरी गुणांक १ येतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये सांगितलेली रीत वापरा. प्रत्येक जोडीची वजाबाकी (सेन्सर वजा ईसीजी), तिची सरासरी, आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या १.९६ पट. समजा सरासरी फरक १.२ आणि विचलन ३ आलं, तर हद्द उणे ४.७ ते अधिक ७.१. म्हणजे सेन्सरने ८० दाखवले तर ईसीजीवरचा आकडा बहुधा ७३ ते ८५ मध्ये. हे वाक्य डॉक्टरला कळतं. बारा माणसांच्या प्रत्येकी ३० सेकंदांच्या सहा खिडक्या म्हणजे बहात्तर माणसं होत नाहीत, हेही लिहा. एकाच माणसाची वाचनं एकमेकांसारखीच असतात.

स्वयंसेवक जमवणं अवघड वाटत असेल तर लग्नसराईचा फायदा घ्या. एका हाताच्या बोटांना मेंदी, दुसऱ्या हाताची कोरी, आणि दोन आठवडे रोज दोन्ही बोटांवर त्याच सेन्सरने लाटेची उंची आणि तिच्या खालची स्थिर पातळी यांचं गुणोत्तर मोजायचं, लाल आणि अवरक्त प्रकाशात वेगवेगळं. मेंदी फिकी होत जाते तसा आलेख बदलतो का? मुलगी स्वतःवरच मोजते आहे, त्यामुळे कागदपत्रंही बरीच हलकी होतात. मेंदी साधी पानांची, बाजारातली ‘काळी’ नको, तिने त्वचा भाजते. मेंदी लावायच्या आधी चार दिवस दोन्ही हात कोरे मोजायला विसरू नका, कारण डावं-उजवं बोट मुळातही सारखं नसतं.

अकरावीत बायो ठेवायचं का, हा उपप्रश्न. इंजिनिअरिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, गणित सोडून चालणार नाही. नीटचा विचार पुरता सुटला नसेल तर चारही विषय ठेवा. अभ्यास वाढतो, पण दार बंद होत नाही.

आणि प्राध्यापकांना पत्र लिहायचं ते सहा आठवड्यांनंतर, आधी नव्हे. शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नका. नवी मुंबईतच कामोठ्याच्या एमजीएम इंजिनिअरिंग कॉलेजात बायोमेडिकल शाखा आहे, पलीकडे आयआयटीत बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग विभाग आहे. तिथल्या तीन-चार जणांची कामं वाचून, दीडशे शब्दांत, मुलीने स्वतः लिहावं: काय मोजलं, काय आलं, कुठे अडलं. सोबत एकच आलेख. मागायची ती इंटर्नशिप नाही, वीस मिनिटांची भेट, आणि भेटीला पालकांपैकी कुणीतरी सोबत येईल असं लिहून. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण, मग यादीतलं पुढचं नाव.